जुन्या डिझेल पिकअपमध्ये डिझेलऐवजी काय चालतं? बायोडिझेल, इथेनॉल आणि सीएनजीचा नागपुरातला हिशेब

संत्र्याच्या हंगामात काटोल, नरखेड, कळमेश्वरकडून कॅरेट भरलेले पिकअप पहाटेच नागपूरच्या कळमना मार्केटकडे निघतात. त्यात दहा-बारा वर्षं जुन्या गाड्या भरपूर असतात. बँकेचे हप्ते फिटलेले, इंजिन एकदा बांधून झालेलं, टायर अर्धे घासलेले. अशा गाडीच्या मालकाला रोज छळणारा खर्च एकच, डिझेलचा.

आणि मग मोबाइलवर रील येतं. कुणी वडे तळलेलं तेल गाळून टाकीत ओततो आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. कुणी डिझेल इंजिनला सीएनजी किट बसवून खर्च निम्मा झाल्याचं सांगतो. कुणी म्हणतो, नागपुरात बस इथेनॉलवर धावली, मग पिकअप का धावणार नाही?

यातली एकही गोष्ट पूर्ण खोटी नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. रीलमध्ये गाडी सुरू होताना दिसते. सहा महिन्यांनी त्याच गाडीचा पंप गॅरेजच्या टेबलावर उघडून पडलेला असतो, ते कुणी दाखवत नाही. इंजिन एखाद्या इंधनावर सुरू होतं का, हा त्यातला सोपा प्रश्न आहे. तेच इंधन रोज, त्याच दर्जाचं, परवडणाऱ्या भावात आणि कागदोपत्री नियमात मिळतं का, हा अवघड प्रश्न. गेल्या दहा-बारा वर्षांत नागपुरात या प्रश्नाची जवळजवळ सगळी उत्तरं प्रत्यक्ष तपासून झाली आहेत.

जुनं इंजिन काहीही पचवतं का?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापून लाल होण्याच्या बेताला येते आणि त्या हवेत नोझलमधून इंधनाचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेट घेतं. त्यामुळे दाबाखाली आपोआप पेटेल असं कोणतंही तेल तत्त्वतः चालू शकतं. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं होतं. ही गोष्ट पुढे १९१२ मध्ये खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी सांगितली. म्हणजे खाद्यतेलावर इंजिन चालवणं हा यूट्यूबवाल्यांचा शोध नाही, सव्वाशे वर्षं जुनी गोष्ट आहे.

पण पुढच्या शंभर वर्षांत इंजिनं घडत गेली ती खनिज डिझेलच्या मापाने. पंपाच्या आतल्या फटी, नोझलची भोकं, फवाऱ्याचा दाब, सगळं त्या पातळ इंधनाला धरून ठरलं.

जुन्या पिकअपमध्ये मेकॅनिकल पंप असतो. तो नव्या कॉमन रेल इंजिनाच्या तुलनेत बराच सोशीक. कॉमन रेलमध्ये इंधनाचा दाब हजार बारच्या पुढे जातो, नोझलची भोकं केसाएवढी बारीक असतात आणि कचरा किंवा पाणी शिरलं की इंजेक्टर बदलण्याचं बिल हजारोंत येतं. त्यामुळे बीएस-४ किंवा बीएस-६ची गाडी असेल तर घरगुती प्रयोगांचा विचारही न केलेला बरा.

जुन्या गाड्यांतही दोन प्रकार आहेत आणि हा फरक बहुतेक व्हिडिओ सांगत नाहीत. इनलाइन पंपाला वंगण इंजिन ऑइलमधून मिळतं. रोटरी पंपाला मात्र वंगणही इंधनातूनच मिळतं. रोटरी पंपात फार घट्ट तेल गेलं तर त्यावर ताण येतो, आणि फार कोरडं, म्हणजे रॉकेलसारखं इंधन गेलं तर तो आतून घासला जातो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याच्या जुन्या सवयीने किती पंप खाल्ले, ते कोणताही पंप-नोझलचं काम करणारा मिस्त्री सांगेल. ती भेसळ गुन्हाही आहे. आपल्या गाडीत कोणता पंप आहे, हे आधी त्याच मिस्त्रीला विचारायचं.

तळलेलं तेल गाळून टाकीत घातलं तर?

गाडी चालेल. काही दिवस छान चालेल.

अडचण घट्टपणाची आहे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची श्यानता २ ते ४.५ सेंटीस्टोक असते. सोयाबीन, पाम किंवा करंजाच्या तेलाची ३० ते ४०च्या घरात, म्हणजे आठ-दहा पट. इतक्या घट्ट तेलाचा नोझलमधून धुकं होऊन फवारा उडत नाही, थेंब पडतात. थेंब पूर्ण जळत नाहीत. नोझलच्या टोकाला कोळसा धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. तिथे खनिज ऑइल आणि वनस्पती तेल एकत्र तापून हळूहळू जेलीसारखं घट्ट होतं. हे बाहेरून दिसत नाही. ऑइलचा दाब पडतो तेव्हाच कळतं, आणि तोवर बेअरिंगची वाट लागलेली असते.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनाला हा त्रास लवकर होतो. ज्यात इंधन आधी छोट्या कप्प्यात पेटतं, अशा आणखी जुन्या बनावटीच्या इंजिनाला जरा उशिरा होतो, पण होतो.

परदेशातले हौशी लोक यावर दोन टाक्यांचा उपाय करतात. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिनाच्या गरम पाण्याने दुसऱ्या टाकीतलं तेल तापवून पातळ करायचं, मग त्यावर जायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर येऊन नळ्या धुऊन काढायच्या. लांब पल्ल्याच्या प्रवासात हे जमतं. कळमना ते इतवारी, तिथून वाडी, पुन्हा परत, मध्ये वीस वेळा इंजिन बंद, अशा कामाच्या गाडीला हे जमणारं नाही.

शुद्ध वनस्पती तेलावर इंजिन दीर्घकाळ चालल्याची भारतीय उदाहरणं आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या खेड्यांत होंगे, म्हणजे आपल्या करंजाच्या तेलावर जनरेटर चालवून दाखवले. पण जनरेटर एका जागी, एकाच वेगाने, बऱ्यापैकी भरल्या लोडवर तासन् तास चालतो आणि इंजिन सतत गरम राहतं. शहरातल्या पिकअपचं आयुष्य नेमकं याच्या उलट असतं.

शिवाय भावाचं काय? २०२४ मध्ये नागपुरात डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास होतं आणि किराणा दुकानातलं सोयाबीन तेल शंभरीच्या वर. ताजं तेल जाळणं हा उघड तोट्याचा धंदा. उरतं ते वापरलेलं तेल, आणि ते वापरायचा शहाणा मार्ग म्हणजे त्याचं बायोडिझेल करणं.

मोगली एरंडाचं स्वप्न

बायोडिझेलचं नाव काढलं की विदर्भातल्या अनेक शेतकऱ्यांना मोगली एरंड आठवतो, म्हणजेच जट्रोफा. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर त्याची मोठी लागवड सुचवली. २००९च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं. झाड काटक आहे, जनावरं खात नाहीत, पाणी लागत नाही, असं सांगितलं गेलं. झाड जगलं हे खरं, पण पाण्या-खताविना बियांचा उतारा कागदावरच्या आकड्यांच्या जवळपासही गेला नाही आणि बी विकत घेणारेही टिकले नाहीत. महाराष्ट्रात ज्यांनी बांधावर किंवा माळावर मोगली एरंड लावला, त्यातल्या बहुतेकांनी पुढे तो उपटून टाकला किंवा कुंपण म्हणून सोडून दिला.

२०१८च्या नव्या धोरणाने लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्के इतकं खाली आणलं. प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्याही खाली राहिलं आहे. बायोडिझेल तयार करण्याचं तंत्र कधीच अडलं नाही. अडलं ते कच्च्या तेलापाशी.

बायोडिझेल म्हणजे नक्की काय?

वनस्पती तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून तापवलं की तेलाचे मोठे रेणू तुटतात. ढोबळमानाने १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉलमधून १०० किलो बायोडिझेल मिळतं आणि खाली १० किलो ग्लिसरीन बसतं. हे बायोडिझेल डिझेलपेक्षा किंचितच घट्ट असतं, आपोआप पेटण्याचा गुण चांगला, धूर कमी, वंगणही उत्तम. भारतात त्याच्यासाठी आयएस १५६०७ हे मानक आहे.

नागपूरला तेल नवं नाही. इथल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९४२ मध्ये स्थापन झालेल्या एलआयटीत, तेल तंत्रज्ञान हा विषय पिढ्यानपिढ्या शिकवला जातो. आणि सावजी भोजनालयं, तर्री-पोह्याच्या गाड्या, फरसाणाचे कारखाने असलेल्या शहरात तळणीच्या तेलाचीही कमी नाही.

त्या तेलाबद्दल नियम आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून, २५ टक्क्यांपेक्षा जास्त ध्रुवीय घटक तयार झालेलं तेल पुन्हा तळायला वापरण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ योजना सुरू झाली. रोज ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची असते. तरी जळकं तेल स्वस्तात छोट्या गाड्यांना विकलं जाण्याचे प्रकार संपलेले नाहीत. ते तेल पिकअपच्या इंजिनात जाणं हे माणसाच्या पोटात जाण्यापेक्षा केव्हाही बरं.

घरी बायोडिझेल करण्याचे व्हिडिओ मात्र बघून सोडून द्यावेत. मिथेनॉल विषारी आहे, त्याची वाफ सहज पेट घेते, ज्योत उजेडात नीट दिसत नाही आणि त्याच्या साठ्या-विक्रीवर निर्बंध आहेत. घरगुती मालात उरलेलं पाणी, साबण आणि कॉस्टिक पंपाला काय करतं तो आणखी वेगळा विषय.

जुन्या पिकअपमध्ये बायोडिझेल घातल्यावर काय होतं?

पहिल्या एक-दोन टाक्यांत फिल्टर चोक होतो. गाडी चढावर ओढत नाही, धक्के मारते, बंद पडते. मालक म्हणतो इंधन भेसळीचं होतं. बऱ्याचदा कारण वेगळं असतं. बायोडिझेल चांगलं विरघळवणारं द्रव्य आहे. दहा वर्षांत टाकीच्या तळाशी आणि नळ्यांत बसलेला गाळ ते सोडवून आणतं आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टर एकदा-दोनदा बदलला की प्रकार थांबतो. म्हणून सुरुवात करताना एक जादा फिल्टर डॅशबोर्डमध्ये ठेवणं हा साधा उपाय आहे.

दुसरा भाग रबराचा. जुन्या गाड्यांतल्या साध्या रबराच्या नळ्या आणि सील बायोडिझेलने फुगतात, मऊ पडतात आणि पाझरतात. नव्या पद्धतीचं, इंधन सोसणारं रबर बसवून घ्यावं लागतं. ५ ते २० टक्के मिश्रणात हा त्रास कमी असतो, निव्वळ बायोडिझेलवर, म्हणजे बी-१००वर, जास्त.

तिसरा भाग हवामानाचा, आणि इथे नागपूर दोन्ही टोकांना आहे. शहराचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत खाली आला होता. आपल्याकडचं तळणीचं तेल बरंचसं पामतेल असतं. त्यापासून केलेलं निव्वळ बायोडिझेल पंधरा अंशांच्या खाली गढूळ होऊ लागतं. डिसेंबरच्या पहाटे नरखेडहून निघणाऱ्या पिकअपचा फिल्टर त्याने तुंबू शकतो. उन्हाळ्यात उलट प्रश्न. उष्णतेने ते लवकर खराब होतं, आंबूस वास येतो, तळाशी चिकटा बसतो. पावसाळ्यात हवेतलं पाणी शोषतं. त्यामुळे ड्रममध्ये महिनोन् महिने साठवून ठेवायची ही वस्तू नाही, आणि हंगाम संपल्यावर चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत तर नकोच.

खरा धोका ‘बायोडिझेल’ नावाच्या दुसऱ्याच मालाचा

हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये डिझेलपेक्षा दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त ‘बायोडिझेल’ मिळतं, असं ट्रकवाल्यांकडून ऐकायला मिळतं. गुजरात आणि महाराष्ट्रात अशा ठिकाणांवर पोलीस आणि पुरवठा खात्याने वेळोवेळी धाडी टाकल्या आहेत. पकडलेला माल अनेकदा वनस्पती तेलापासून केलेला नव्हताच. कारखान्यांत वापरायची खनिज तेलं, बेस ऑइल, सॉल्व्हंट यांचं ते मिश्रण होतं. वंगण नाही, गंधक किती याचा पत्ता नाही, पेटण्याचं तापमान ठरलेलं नाही. शेवटचा मुद्दा फक्त इंजिनाचा नाही, टाकीला आग लागण्याचा आहे.

केंद्र सरकारने बायोडिझेल विक्रीची मार्गदर्शक तत्त्वं एप्रिल २०१९ मध्ये जाहीर केली. त्यानुसार विक्रेत्याची नोंदणी लागते, माल आयएस १५६०७च्या कसोटीला उतरावा लागतो. चांगल्या बायोडिझेलची घनता घनमीटरला ८६० ते ९०० किलो असते, डिझेलची ८४५च्या वर जात नाही. पण नुसती घनता बघून खात्री होत नाही, कारण काही बेस ऑइलचीही घनता तेवढीच भरते. नोंदणीचं प्रमाणपत्र, त्या लॉटचा चाचणी अहवाल आणि पक्कं बिल मागायचं. बिल द्यायला जो कांकूं करतो त्याच्याकडे नोझल घेऊन उभं राहू नये.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

समजा पिकअप रोज ८० किलोमीटर चालतो आणि ११चं ॲव्हरेज देतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर साधारण १८२ लिटर डिझेल. नव्वदच्या भावाने १६ हजार ४०० रुपये.

आता बायोडिझेल लिटरमागे दहा रुपयांनी स्वस्त मिळालं आणि २० टक्के मिसळलं. मिश्रण दोन रुपयांनी स्वस्त पडलं. पण लिटरमागे बायोडिझेलमध्ये उष्णता साधारण ८ टक्के कमी, म्हणजे मिश्रणात दीड टक्क्याच्या आसपास कमी. ॲव्हरेज तेवढं घटतं आणि त्यात एक रुपया चाळीस पैसे जातात. हातात उरले साठ पैसे. महिन्याचे झाले शंभर-सव्वाशे रुपये, एका फिल्टरचीही किंमत नाही.

निव्वळ बायोडिझेल वापरलं तर? ८० रुपयांच्या लिटरमध्ये आठ टक्के कमी ताकद, म्हणजे डिझेलच्या मापाने ८७ रुपये. महिन्याला साडेपाचशे रुपये वाचतात, रबराच्या नळ्या आणि ऑइलच्या लवकर बदलण्याचा खर्च वेगळा. पंप एकदा उघडावा लागला की दोन-चार वर्षांची बचत एका दिवसात गेली.

धूर आणि प्रदूषणासाठी बायोडिझेल वापरणं ही चांगली गोष्ट आहे. पैसे वाचवण्यासाठी वापरायचं असेल तर गणित आधी कागदावर मांडायला हवं.

इथेनॉलवर धावलेली नागपूरची बस

२०१४च्या ऑगस्टमध्ये नागपुरात स्कॅनिया कंपनीची हिरवी बस रस्त्यावर आली. देशातली ती पहिली इथेनॉल बस. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांचा तो आवडता प्रकल्प होता. पुढे महापालिकेच्या शहर बससेवेत अशा बस आल्या. २०१८ मध्ये आर्थिक वादातून कंपनीने सेवा थांबवली आणि ग्रीन बस रस्त्यावरून गेली.

बंद पडण्याचं कारण इंजिन नव्हतं. पण ते इंजिन नेहमीचं डिझेल इंजिनही नव्हतं, हे सोशल मीडियावर कुणी सांगत नाही. इथेनॉल दाबाखाली आपोआप पेटायला फार नाखूश असतं. बीएस-६ डिझेलचा सीटेन आकडा किमान ५१ असतो, इथेनॉलचा दहाच्याही खाली. म्हणून स्कॅनियाच्या इंजिनात हवा २८ पट दाबली जात होती आणि इंधन होतं ईडी-९५, म्हणजे ९५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट घ्यायला मदत करणारी व वंगणाची द्रव्यं. पिकअपच्या इंजिनात हवा साधारण १७ ते २२ पट दाबली जाते. त्यात इथेनॉल ओतलं तर ते नीट पेटणार नाही, पंपाला वंगण मिळणार नाही आणि डिझेलमध्ये मिसळलं तर थोडं पाणी लागताच दोन्ही वेगळे होऊन बसतील.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं म्हणून डिझेलमध्येही चालेल, हा समज त्यामुळेच चुकीचा. २०२५ मध्ये गडकरी यांनीच सांगितलं की डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग यशस्वी झाला नाही आणि आता आयसोब्युटेनॉलवर काम सुरू आहे. ते पंपावर येईल तेव्हा येईल.

सीएनजी किटचं काय?

जुन्या डिझेल गाडीसाठी सगळ्यात गंभीरपणे विचार करण्यासारखा पर्याय हाच, आणि नागपूरला त्याचा अनुभव आहे. महापालिकेच्या ‘आपली बस’मधल्या काही डिझेल बस सीएनजीवर आणल्या गेल्या. १२ फेब्रुवारी २०२१ रोजी डिझेलवरून सीएनजीवर आणलेला देशातला पहिला ट्रॅक्टर दिल्लीत दाखवला गेला, तो गडकरी यांच्याच मालकीचा. शेतकऱ्याचे वर्षाला लाखभर रुपये वाचतील, असं तेव्हा सांगितलं गेलं.

हे बदल दोन प्रकारचे असतात. एकात डिझेल तसंच राहतं, हवेबरोबर गॅस आत जातो आणि थोडं डिझेल काडी लावल्यासारखं त्याला पेटवतं. गॅस संपला तरी गाडी डिझेलवर घरी येते. दुसऱ्यात इंजिन पूर्ण बदलतं. नोझलच्या जागी स्पार्क प्लग, पिस्टनचं काम करून दाब कमी केलेला, वर इग्निशनची सगळी वायरिंग. म्हणजे मूळ डिझेल इंजिन उरतच नाही, आणि रिंगा सैल झालेल्या, ऑइल पिणाऱ्या इंजिनावर हा खर्च करणं म्हणजे पडक्या घराला नवा रंग देणं.

पण नागपूरकरांना सीएनजीने जो धडा दिला तो इंजिनाचा नव्हता, भावाचा होता. मुंबई-पुण्यात गॅस पाइपलाइनने येत होता. नागपुरात तो एलएनजीच्या रूपात, उणे १६२ अंशांपर्यंत थंड केलेल्या टँकरमधून गुजरातकडून यायचा. मार्च २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला, तेव्हा देशातला सगळ्यात महाग. बदललेल्या इंजिनात एक किलो गॅस साधारण १.१ लिटर डिझेलइतकं काम करतो असं धरलं, तर १२० रुपयांचा किलो म्हणजे १०९ रुपयांचं लिटर. डिझेल तेव्हा नव्वदीत होतं. किटवर पैसे घातलेला माणूस डिझेलवाल्यापेक्षा महाग गाडी चालवत होता. हाच गॅस ९० रुपयांना मिळाला तर लिटरचा हिशेब ८२ वर येतो आणि किट परवडायला लागतं. नागपूरला जोडणारी गेलची मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने आली, ती म्हणूनच गाडीवाल्यांच्याही कामाची आहे.

एलएनजी थेट पिकअपमध्ये घालता येईल का? नागपूर-जबलपूर रस्त्यावर ११ जुलै २०२१ रोजी एलएनजी पंपाचं उद्घाटन झालं तेव्हा हा प्रश्न अनेकांनी विचारला. उत्तर नाही. ते इंधन मोठ्या, रोज शेकडो किलोमीटर धावणाऱ्या ट्रक-बससाठी आहे. गाडी उभी राहिली की टाकीतलं एलएनजी हळूहळू वाफ होऊन वाया जातं.

सीएनजीच्या टाक्यांचं वजनही मोजावं लागतं. साठ लिटर पाण्याएवढ्या आकाराची लोखंडी टाकी सुमारे ६० किलोची आणि तिच्यात गॅस मावतो दहा किलोच्या आतच. अशा दोन टाक्या म्हणजे पाच-सहा कॅरेट संत्र्यांचा लोड कमी झाला, तोही प्रत्येक फेरीला.

आरसी, पासिंग आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर लिहिलेल्या गोष्टी बदलतील असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. इंधन हा त्यातलाच एक रकाना. परवानगीशिवाय फेरफार केला तर कलम १८२-अ खाली प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

किट मान्यताप्राप्त असावं लागतं आणि ती मान्यता त्याच प्रकारच्या गाडीसाठी असावी लागते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था त्याची चाचणी करतात. दुसऱ्या मॉडेलच्या किटचा कागद आपल्या गाडीला चालत नाही. गॅसच्या टाकीला मान्यता देते ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना. तिचं मुख्य कार्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी लागते. भंगारातून आणलेली, वेल्डिंग केलेली टाकी म्हणजे पाठीमागे २०० बारचा बॉम्ब घेऊन फिरणं आहे.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं आणि १ एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांच्या फीमध्ये मोठी वाढ झाली. किट बसवायचं असेल तर गाडीचं किती आयुष्य उरलं आहे ते आधी पाहायला हवं, कारण चौदा वर्षांच्या पिकअपवर घातलेला खर्च वसूल होण्याआधीच गाडी भंगारात जाऊ शकते.

किट बसवल्यावर क्रम असा असतो. फिटमेंट सेंटरकडून किट आणि टाकीचे नंबर लिहिलेलं प्रमाणपत्र घ्यायचं, गाडी आरटीओत दाखवून आरसीवर इंधन बदलून घ्यायचं, नवीन इंधनाचं पीयूसी काढायचं आणि मग विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर किटची नोंद करून घ्यायची. बहुतेक लोक शेवटची पायरी विसरतात. अपघात झाला, गाडीला आग लागली आणि पॉलिसीवर अजून ‘डिझेल’ असेल तर क्लेमच्या वेळी पहिली हरकत तिथेच निघते.

आणि ज्याला यातलं काहीच करायचं नाही, पण डिझेल कमी लागावं असं वाटतं, त्याने जुन्या पिकअपचे नोझल आधी टेस्ट बेंचवर तपासून घ्यावेत, पंपाचं टायमिंग बघावं, एअर फिल्टर बदलावा आणि टायरची हवा रविवारी नव्हे, लोड भरायच्या आधी मोजावी. काळा धूर सोडणारी गाडी न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधून फेकत असते, आणि ते मालकाने आधीच विकत घेतलेलं असतं.